मुंगसानं तपासलेली जाळी

बाई, आज सकाळी मी तुमच्या टेपनं कोंबड्यांचं खुराडं मोजलं. वाचूनच तुमचा चष्मा नाकावर घसरला असता, मला माहीत आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी मुलींच्या शाळेत तुम्ही आम्हाला शिवण शिकवायचात, आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची मी तुमची सगळ्यात वांड नसले तरी सगळ्यात अर्धवट विद्यार्थिनी होते. जोरात सुरू करायचं आणि शेवटच्या वितीला कंटाळायचं, हा माझा खाक्या. तुम्ही वारल्याचा निरोप आला तेव्हा मी वीज खात्याच्या बिलाच्या खिडकीवर बसले होते. रांग मोठी होती, म्हटलं संध्याकाळी जाऊ, आणि संध्याकाळी आले तर तुमच्या दाराला कुलूप. त्याला आता तीस वर्षं तरी झाली असतील. मी स्वतःच निवृत्त झालेय, जिना चढताना गुडघे वाजतात, आणि गेले काही महिने मी जे केलंय ते समजून घेणारं माणूस मला सगळ्या ग्वाल्हेरात सापडत नाही. नवऱ्याला जाळी म्हणजे जाळी. भावजयीला फोनवर सांगायला गेले तर ती म्हणाली, "ताई, आजकल रेडिमेड मिळतं की ऑनलाइन." म्हणून तुम्हाला लिहितेय. जोड कसा घातला हे शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

आधी कोंबड्या कुठून आल्या ते सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. आमच्या शेजारी एक बाई राहते, हिंदी बोलणारी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. नवरा नाही, मुलगा दिवसभर दुकानावर. तिच्या मागच्या अंगणात पाच कोंबड्या होत्या. दिवाळी झाल्यावर मुलानं ते अंगण खोदून तिथं खोली बांधायला काढली, जुनं खुराडं मोडलं, आणि त्याच आठवड्यात भोपाळहून तिच्या लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी लेकीला झोपून राहायला सांगितलं होतं. बाळंतपणापर्यंत आणि पुढेही काही दिवस आई हवी होती. शेजारीण भिंतीपलीकडून मला म्हणाली, "जिज्जी, बस चार महीने. ये पाँचों आपकी अमानत हैं. लौट के इन्हीं से तो बात करनी है मुझे, और कौन बैठा है इधर." तिचे डोळे भरले होते. मी "हाँ हाँ, छोड़ जाओ" म्हणून मोकळी झाले आणि मग आत येऊन नवऱ्याला सांगितलं.

"तू हो बोलून पण आलीस?" हे खुर्चीतून अर्धे उठले. "आपल्या घरात मुर्ग्या? अगं, माझे पणजोबा दरबारात पुराण सांगायचे!"

"मग तुम्ही कोंबड्यांना सांगा. त्या मध्येच उठून जाणार नाहीत," मी म्हटलं.

हे म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आमचा मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा ह्यांचं बोलणं निम्म्यात सोडून आईला दे म्हणतो. पण आमचं घर असं, की चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याच्या बाहेर. अंडी तर माझ्या सासूबाईंनी जन्मात हातात धरली नसतील. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "त्यांना थंडी वाजत असेल का गं?" मी ओळखलं की लढाई संपली.

खुराडं म्हणून मी आमचा जुना कूलर काढला. ग्वाल्हेरात प्रत्येक घराच्या मागे एक मेलेला कूलर असतो, तुमच्या वेळी एवढे नव्हते. लोखंडी स्टँडवर उभी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना जाळीच्या खिडक्या, समोर पंख्याचं गोल भोक. मोटर आणि पंखा आधीच भंगारात गेला होता. आत आडवी काठी ठोकली, खाली तूस पसरलं, गोल भोकाला पत्र्याचं झाकण केलं. जमिनीपासून दीड हात उंच, हवा खेळती. पाचही जणी पहिल्या संध्याकाळी रांगेनं आत गेल्या आणि काठीवर बसल्या, एक पांढरी, एक काळी, दोन तांबड्या आणि एक कवडी, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची. मी स्वतःवर फार खूश झाले. मग दिवसा फिरायला त्यांना कुंपण हवं म्हणून बाड्याच्या चौकाजवळच्या दुकानातून मुर्गा जाली आणली. नावच मुर्गा जाली, म्हटलं आणखी काय पाहिजे. चार बांबू रोवले, भोवती जाळी गुंडाळली, घारीपासून राखण म्हणून वरून जुनी साडी ताणली. ह्यांनी समोरून फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. वीस जणांनी अंगठे दाखवले.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणाच्या भिंतीवर मुंगूस आलं, बाई. तुम्हाला तो खिडकीतला प्रकार आठवतोय ना? शाळेच्या मागच्या भिंतीवरून मुंगूस जाताना दिसलं की सगळा वर्ग सुया टाकून खिडकीशी. "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव!" म्हणून आम्ही ओरडतोय, कारण त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, पेपर सोपा येतो, आई मारत नाही. तुम्ही खडू ठेवता, चपला वाजवत येता, आता रागावणार म्हणून आम्ही गप्प. आणि तुम्ही आम्हाला बाजूला सारून आधी स्वतः हात जोडता. मग वळून म्हणता, "झालं दर्शन? आता टाके मोजा." त्यामुळे माझ्या अंगणात ते आलं तेव्हा मी हातातली तुसाची पाटी खाली ठेवली आणि साठीची बाई मी, भिंतीकडे बघून तेच ओरडले. त्यानं तोंड दाखवलं. ह्यांनीही चप्पल काढून नमस्कार केला. शकुन तर झालाच, वर सापाचीही भीती गेली, असं आमचं दोघांचं एकमत झालं. लग्नानंतर असे प्रसंग थोडेच. अंगणाच्या मोरीच्या भोकाला घुशी येऊ नयेत म्हणून वीट लावलेली होती, ती मी माझ्या हातानं काढली. म्हटलं, त्याला यायला-जायला वाट असू दे.

कुत्रा, मांजर, घार, माकड, सगळ्यांचा विचार मी केला होता. मुंगूस माझ्या यादीत नव्हतंच. देवाला कोणी चोरांच्या यादीत घालतं का! आणि राखण करायची ती रात्रीची, हेही आम्ही गृहीत धरलेलं. मुंगूस हे दिवसाचं जनावर आहे हे रोज दिवसाच त्याचं दर्शन घेऊनही आमच्या डोक्यात आलं नाही. दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, मी वरणाला फोडणी देत होते. मोहरी तडतडली आणि त्याबरोबरच बाहेर असा कल्लोळ उठला की हातातली पळी तशीच घेऊन मी धावले. पांढरी मानेशी फाडून पडलेली. बाकीच्या चौघी कूलरवर चढून किंचाळतायत. आणि ते तिच्या अंगावर पुढचे पाय ठेवून उभं. ह्या वेळी कोणी न विनवता त्यानं माझ्याकडे तोंड केलं. पळी फेकून मारली ती बांबूला लागली. ते ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं गेलं.

ती वाट कुठली हे मी मग पाहिलं. समोरून, जिथून फोटो काढला होता, तिथं सगळं ठाकठीक. मागे, जिथं कुंपण भिंतीला लागतं आणि माझा हात नीट पोचत नव्हता, तिथं जाळीची दोन टोकं मी एकमेकांवर ठेवून वर एक आणि खाली एक अशा दोन गाठी मारल्या होत्या. मध्ये हातभर नुसती फट. मनात आलं होतं, की मागचं कोण बघतंय.

बाई, मी तिथंच मातीत बसले आणि मला आठवीतला अभ्रा आठवला. समोर मी चमेलीची फुलं भरली होती, तीन आठवडे खपून. सगळ्या मुलींनी वाहवा केली होती. तुम्ही तो हातात घेतलात, फुलांकडे पाहिलंही नाहीत, सरळ उलटा केलात आणि शिवणीवरून बोट फिरवत गेलात. कोपऱ्यात तुमचं बोट आत शिरलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं. ते तुम्ही सगळ्या वर्गासमोर हलवलंत. "समोरून सगळेच शहाणे दिसतात. हे बोट कुठून आलं, सांग." मी म्हणाले, "बाई, कोपऱ्यात हात पोचत नव्हता." तुम्ही म्हणालात, "कापसाचा पोचेल. उशीतला कापूस इथूनच बाहेर येणार आहे, तुझ्या फुलांतून नाही." मुली हसल्या. मी दोन वर्षं तुमचा राग राग केला, तुमच्या चालण्याची नक्कल करून मैत्रिणींना हसवलं, हेही आता सांगून टाकते. पन्नास वर्षांनी तेच भोक मी पुन्हा ठेवलं, आणि ह्या वेळी कापूस नव्हता आत.

शेजारणीला फोन करायला हात धजत नव्हता. हे म्हणाले, "मी बोलू का?" पण अमानत मी घेतली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चलो, मुर्गी थी जिज्जी, रोओ मत." तीच रडत होती. शेवटी नाक ओढून म्हणाली, "देखो, अगर नहीं सँभलता तो एक और जाने से पहले चारों मेरे भतीजे को दे देना, मुरार में. नेवले के पेट में जाएँ इससे तो अच्छा, किसी के काम तो आएँ." भाचा त्यांचं काय करणार हे तिला माहीत होतं, मलाही. तो काही त्यांना पुराण सांगणार नव्हता. मी म्हटलं, "एक और नहीं जाएगी." बोलून बसले आणि मग घाबरले. कारण आयुष्यात मी कुठलंही काम असं केलेलं नव्हतं की ज्याची मागची बाजू कुणाला दाखवता येईल.

दुसऱ्या दिवशी मोरीची वीट परत बसवली, वर सिमेंट फासलं आणि चौघींना कूलरमध्येच कोंडून बाड्यावर गेले. दुकानदाराला मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, की तुमच्या मुर्गा जालीतून नेवला आलाच कसा. तो पोर नव्हता, माझ्याच वयाचा, शांत माणूस. "आंटी जी," तो म्हणाला (मला आंटी म्हणायचं त्याला काही कारण नव्हतं), "मुर्गा जाली मुर्गी को अंदर रखती है. नेवले को बाहर रखना उसका काम नहीं." मग त्यानं अर्ध्या इंचाच्या चौकड्यांची वेल्डची जाळी काढून दाखवली, बोटानं दाबून, वाकवून. त्याच्या आजोळी कोंबड्या होत्या. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. जिथं तीन बोटं जातात तिथं नेवला जातो. तो वरूनही चढतो, तेव्हा साडी-बिडी काढा, वर पण जाळीच. आणि खाली तो जाळीच्या पायथ्याशीच उकरतो, हातभर मागं सरून उकरावं एवढी अक्कल त्याला नाही, तेव्हा जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला हातभर पसरून ठेवा. मी म्हटलं, "मतलब झालर." तो म्हणाला, "हाँ, वही समझ लो. कितना फुट दूँ?" आणि मला माझं अंगण किती फूट आहे हेच माहीत नव्हतं.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. शाळेच्या शेवटच्या दिवशी तुम्ही गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली होतीत, पहिल्या नंबरच्या मुलीला नाही, मला. "मोजल्याशिवाय कापू नकोस," एवढंच म्हणालात. मला वाटलं, टोमणाच आहे. मी पुढे जन्मात काही शिवलं नाही, ब्लाउजसुद्धा शिंप्याकडे, पण टेप टाकवली नाही. कडा पिवळ्या पडल्यात, पण आकडे साबूत. ती घेऊन मी अंगणभर फिरले आणि वहीत लिहून काढलं, भिंतीपासून बांबू किती, बांबूपासून कूलर किती, झालर धरून किती. दोनदा मोजलं. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "एवढं तर तू आपल्या घराचा नकाशा करताना पण केलं नव्हतंस."

जाळी आली, लाकडी खांब आले, पक्कड आणि तार आली. आणि पहिल्याच सांध्याला अडले. जाळीची दोन पानं जोडायची कशी? एकावर एक ठेवून तारेनं बांधली की समोरून सुबक दिसतात, पण मध्ये बोट घातलं की फाकतात. तेव्हा मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. त्या अभ्र्याच्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही मला घरी बोलावलं होतंत, मी रागातच आले होते. गल्लीतली दोन खोल्यांची जागा, स्टोव्हवर कढई, पाटावर तुम्ही. मला म्हणालात, "करंज्या भर." मी पटापट भरल्या, कडा दाबल्या आणि कातण्यानं कापल्या. नक्षीदार, एकसारख्या. तुम्ही काही न बोलता त्या तेलात सोडल्या आणि आम्ही दोघी बघत बसलो. एकेक करंजी तोंड उघडतेय, सारण तेलात जळतंय, घरभर धूर. तुम्ही झारा माझ्या हातात दिलात. "कातण्यानं कड छान दिसते, पण ती नुसती चिकटलेली असते. मुरड घाल." मग माझा अंगठा धरून, कड उचलून, दुमडून, परत दुमडून दाखवलीत. "अशी वळवली की तिला सुटायला जागाच राहत नाही." त्या संध्याकाळी तुम्ही मला शंभर करंज्यांना मुरड घालायला लावलीत आणि निघताना फुटलेल्याच बांधून दिल्यात. घरी आम्ही भावंडांनी त्या चाटूनपुसून खाल्ल्या.

तर बाई, मी जाळीला मुरड घातली. दोन्ही पानांच्या कडा एकत्र धरायच्या, पकडीनं अंगठाभर दुमडायच्या, परत दुमडायच्या, आणि मग त्या वळकटीतून प्रत्येक दुसऱ्या चौकडीला तार घालून आवळायची. तारेची टोकं आत वळवायची म्हणजे कोंबड्यांनाही लागत नाहीत. बोटं सोलवटली, दोनदा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ की काय असं झालं, शेवटी एकदा घेतलंच. दिवसाला दीड हात काम व्हायचं. धुक्याच्या सकाळी जाळी बर्फासारखी गार, ऊन यायची वाट बघायची आणि मग बसायचं. चौघी कूलरच्या खिडकीतून माझ्यावर आरडाओरडा करायच्या. ह्यांनी खरोखर त्यांना पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली, म्हणजे त्या शांत बसतात असं त्यांचं म्हणणं. संपादकीयाला जास्त शांत बसतात म्हणे. खाली झालर पसरली आणि तिच्यावर अंगणात पडून असलेले दगडी पटिये, म्हणजे जाड फरश्या, ठेवले. आणि आधी, सगळ्याच्या आधी, मागची बाजू केली. भिंतीच्या फटीत आडवी होऊन, पदर खोचून, अर्धा चेहरा भिंतीला घासत. तिथं हात पोचतो, बाई. झोपलं की पोचतो.

सगळं झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "अहो, आता तुम्ही मुंगूस व्हा."

"वेडी आहेस का?"

"आत शिरून दाखवा. तीन बोटं जिथं जातील तिथं सांगा."

आधी आढेवेढे घेतले आणि मग माणूस असा रंगला, की विचारू नका. गुडघ्यावर बसून, स्वेटरच्या बाह्या सारून, प्रत्येक सांधा, प्रत्येक खांब. पाऊण तास. मी खुर्चीवर चहा घेत बसलेली. एकदम मागून आरोळी आली, "मी आत आलो! मी आत आलो!" भिंत आणि खांब ह्यांच्यामध्ये, बरोबर कोपऱ्यात, ह्यांचा हात मनगटापर्यंत आत, आणि पंजा कोंबड्यांच्या बाजूला हलतोय. ह्यांना इतका आनंद मी निवृत्तीच्या समारंभातही झालेला पाहिला नव्हता. मी चहा ठेवला आणि तो कोपरा पुन्हा केला. चिडले नाही. आठवीत चिडले होते.

चौघींना बाहेर सोडून चार दिवस झाले असतील, आणि ते आलं. त्याच वेळेला, दुपारी. मोरी बंद म्हणून भिंतीवरून उतरलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, हे माझ्यामागे. हे हुसकायला निघाले तर मी त्यांचा हात धरला. "थांबा. बघू दे त्याला." "अगं, चौघी आत आहेत!" "म्हणूनच. आज हुसकलंत तर उद्या आपण नसताना येईल." एक जरी गेली असती तर उरलेल्या तिघींना संध्याकाळी मुरारला पोचवायचं, आणि भोपाळला काय तोंडानं फोन करायचा. त्यानं समोरच्या बाजूला ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागे गेलं. मला आता फक्त जाळीतून त्याची पाठ दिसत होती. खांबाशी थांबलं, सांध्यावरून नाक फिरवत वरपर्यंत गेलं, परत खाली आलं, पायथ्याशी उकरायला लागलं. माती उडाली, मग पटियावर नखं वाजली. थांबलं. वीतभर सरकलं, परत उकरलं, परत नखं वाजली. कोपऱ्यात आलं, ह्यांचा हात शिरला होता तिथं, आणि तोंड लावून बसलं. मुरड हलली नाही. मग छतावर चढलं, सगळं छत सांधा न सांधा हुंगत गेलं. आत चौघी कूलरखाली एकमेकींना चिकटून, चूप. बाई, तुम्ही काम तपासायचात ते अगदी असंच, न बोलता, न घाई करता, दिसायला चांगलं असेल ते सोडून. शेवटी ते उतरलं, आमच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि भिंतीवरून निघून गेलं. शेजारी पाहते तर ह्यांनी सवयीनं हात जोडलेले. मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. साठ वर्षांच्या आयुष्यात मला पैकीच्या पैकी कधी मिळाले नव्हते.

ते त्यानंतर आणखी तीनदा आलं. आता येत नाही.

फाल्गुनात शेजारीण परत आली, नातवाचे दोनशे फोटो घेऊन. सामान ठेवायच्या आधी आमच्या अंगणात. चौघींना मोजलं, काळीला उचलून छातीशी धरलं, आणि मग खुराड्याकडे वळली. तीही आधी मागेच गेली, कोंबड्या पाळणारं माणूस ते. जाळी दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवली. "जिज्जी, कौन से मिस्त्री से बनवाया?" मी म्हटलं, "मिस्त्री तो मैं ही थी." तिनं माझे हात उलटे करून बघितले, बोटांवरचे वण बघितले, आणि मला मिठी मारली. काळी तिच्या हातातून उडाली ती थेट माझ्या पायावर येऊन बसली. "लो," ती हसून म्हणाली, "चार महीने में ससुराल वाली हो गई." हसली, पण काळीकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

तिच्याकडे खोलीच्या बाजूला आता एक पट्टी उरली आहे, तिथं खुराडं मावतं. ते मीच करून देते म्हटलं, आणि केलं. ह्या वेळी बारा दिवसांत, माझ्या खुराड्यापेक्षा सरस, आज सकाळी मापून पाहिलं ते हेच, कुठंही अर्धं बोट इकडचं तिकडे नाही. फक्त दाराची कडी राहिली. साधी कडी माकडं उघडतात, त्यामुळे स्प्रिंगची हवी, आणि ती दुकानदारानं दिल्लीहून मागवली आहे, असं मी तिला सांगितलंय. ती रोज सकाळी चहाला इकडेच येते, पटियावर बसते, कोंबड्यांशी गप्पा मारते, जाताना विचारते, "कड़ी आई, जिज्जी?" मी म्हणते, "कहाँ आई." ती मान हलवते आणि रिकाम्या हातानं घरी जाते. तिकडे तिच्याशी बोलायला कोणी नाही, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला हे कळतं. पण सकाळी झाकण काढलं की चौघी माझ्याकडे धावत येतात, बाई, आणि मुलगा पुण्याला गेल्यापासून ह्या घरात माझ्याकडे असं कोणी धावत आलेलं नाही.

कडी आली आहे. सोमवारीच आली. साखरेच्या डब्यामागे ठेवली आहे, ह्यांनाही सांगितलेलं नाही. हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, फाडून चुलीत घालेन. तुमच्या हाती पडलं असतं तर तुम्ही मला एक शब्द बोलला नसतात. नुसता हात पुढे करून उभ्या राहिला असतात, आणि मला ती कडी आणून द्यावी लागली असती.